कपाटाला निधी, ग्रंथपालाला काय?

महाराष्ट्र शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना जो पुरस्कार देते त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. ग्रंथालय कार्यकर्ते आणि सेवक यांच्यासाठीच्या पुरस्काराला डॉ. रंगनाथन यांचे नाव आहे. समारंभ होतो, फोटो निघतात, मंत्रीमहोदय वाचनसंस्कृतीवर बोलतात. ज्या महामानवाने दादरला राजगृह बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्याचे नाव ग्रंथालयाच्या पुरस्काराला शोभतेच. आमची त्याबद्दल काहीच तक्रार नाही. परंतु ज्या ग्रंथालयांना हे शासन मान्यता देते, त्यांतल्या खेड्यातल्या ग्रंथालयाचे कुलूप रोज उघडणाऱ्या माणसाच्या हातात महिन्याकाठी काय पडते, याचा हिशेब पुरस्काराच्या व्यासपीठावरून कधी ऐकायला मिळत नाही. तो हिशेब आज मांडू या.

राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. १९६७ च्या कायद्याखाली त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान मिळते. २०१२ साली अनुदान वाढले. त्यानंतर सुमारे दहा वर्षे शासनाला जाग आली नाही, मग साठ टक्के वाढ झाली. पेपरांतून मोठे मथळे आले. त्या वाढीने 'ड' वर्गाचे वर्षाचे ३०,००० रुपये ४८,००० झाले. आता नियम असा की, अनुदानातला निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा ग्रंथखरेदी व इतर बाबींवर खर्च करायचा. म्हणजे वेतनाला २४,०००. महिन्याला २,०००. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दिवसाला ७७ रुपये. तेही दर महिन्याला नाही. अनुदान हप्त्यांनी येते, ते येईपर्यंत ग्रंथपालाने उसनवारीवर दिवस काढायचे. आकडा पुढे-मागे वाढेल, परंतु हिशेबाची रीत हीच राहील.

कोणी म्हणेल, काम अर्धवेळ आहे. ठीक आहे, दिवसाला तीनच तास काम धरू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचे ३१२, तर तीन तासांचे ११७ होतात. म्हणजे खड्डा खणणाऱ्याला जे मिळायला हवे तेवढेही पुस्तके राखणाऱ्याला मिळत नाही. खड्डा खणणे हलके काम आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या बापजाद्यांनी तेच केले आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, त्या कामाचा दर शासन ठरवते, राजपत्रात छापते, आणि ग्रंथपालाच्या कामाला मात्र असा दरच नाही. त्याला 'सेवक' म्हणतात. सेवा म्हटली की पगाराचे बोलायचे नसते. हा शब्दांचा खेळ आमच्या समाजाला नवा नाही. महारकीलाही गावाची सेवाच म्हणत असत.

वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्याला तर वेठबिगारी शिकवायला नको. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, तरी ऐंशीच्या दशकात याच भागात आदिवासी वेठबिगारांना सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटनेला रस्त्यावर उतरावे लागले. त्याच काळात, १९८२ साली, सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात एक निकाल दिला. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने तो खटला नेला होता. न्या. भगवती यांनी सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे संविधानाच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीचे काम ठरते; चाबूक लागत नाही, पोटाची गरज हीच सक्ती असते. मजूर आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत, हा सरकारचा बचाव न्यायालयाने मानला नाही. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या दुष्काळी कामांवरही तोच न्याय लावला गेला. आता ग्रंथालय सेवकांबाबत शासन काय म्हणते? हे कर्मचारी आमचे नाहीत, संस्थेचे आहेत. ओळखीचा सूर वाटतो ना? तो निकाल ग्रंथालयांवर दिलेला नाही आणि तो आपोआप लागू होईल असेही नाही. न्यायालयात झगडावे लागेल. परंतु अनुदानाची कमाल मर्यादा शासन ठरवणार, त्यातले वेतन किती हेही शासन ठरवणार आणि त्या वेतनात माणूस जगत नाही याची जबाबदारी मात्र गावातल्या पाच-पंचवीस वर्गणीदारांवर, हा युक्तिवाद कोणत्याही खंडपीठापुढे टिकवणे सोपे जाणार नाही. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींसाठी प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली. अहवाल धूळ खात पडले.

थोडे खोलात गेले की या सगळ्यामागची रीत दिसते. ग्रंथालयाच्या नावाने निघणारा पैसा वस्तूंसाठी असतो. खासदार निधीतून इमारत होते, पुस्तके येतात. पगार देता येत नाही. वस्ती सुधारणेच्या योजनांतून समाजमंदिर उभे राहते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. आत बसणाऱ्या माणसाची तरतूद नसते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभर मदत देते. ग्रंथ, कपाटे, इमारतीची वाढ, बालविभाग यांसाठी त्याच्या योजना आहेत आणि त्यांचा लाभ घेतलाच पाहिजे. परंतु तिथेही ग्रंथपालाच्या वेतनाला जागा नाही. कपाटाला निधी आहे, कुलपाला निधी आहे, किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला नाही. परिणामी कुलूप लागते ते लागतेच. आमच्या कितीतरी वस्त्यांत बुद्धविहाराच्या कोपऱ्यात काचेचे कपाट आहे, त्यात शासनाने छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आहेत, आणि किल्ली कोणाकडे आहे ते अध्यक्षांनाही ठाऊक नसते. चौदा एप्रिलला ते कपाट पुसले जाते.

चांदीपला गेलो असताना एका कार्यक्रमानंतर बी. ए. झालेली एक मुलगी पुढे आली. "जयभीम, वकीलदादा. ग्रंथपाल व्हायला काय लागतं?" आम्ही कायद्यावर तासभर बोललो होतो, पण हा प्रश्न त्या दिवसातला सर्वांत कामाचा होता. महामार्गाच्या पूर्वेकडच्या या गावांतून विरारची लोकल गाठायची म्हणजे आधी एस. टी., नाहीतर रिक्षाचे भाडे. मुलाला अभ्यासिकेत पाठवता येते, मुलीला संध्याकाळी पाठवायला घर तयार नसते. अशा मुलीने गावातच ग्रंथालय चालवायचे म्हटले, तर तिला वाट दाखवणारे कोणी हवे की नको?

तिला जे सांगितले ते इथेही सांगतो, कारण ते विचारणारी ती एकटी नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्या कोणालाही ग्रंथालय व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो. वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात, परीक्षा ग्रंथालय संचालनालय घेते. दाखल नोंदवही कशी ठेवायची, पुस्तकाला वर्गांक कसा द्यायचा, तालिका कशी करायची, देवघेव आणि वर्गणीचा हिशेब, वार्षिक अहवाल, हे सारे त्यात येते. पदवीधरांना ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करत करत ती घेता येते. संगणकावर नोंदी करायच्या तर राष्ट्रीय सूचना केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली विनामूल्य आहे. केंद्राने २०१४ साली राष्ट्रीय ग्रंथालय अभियान सुरू केले, त्यातही कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा एक घटक ठेवला होता. प्रशिक्षण म्हणजे चैन नव्हे. प्रमाणपत्र असलेली मुलगी उद्या शाळेत, महाविद्यालयात, महापालिकेत अर्ज करू शकते. नसलेली मुलगी सचिवाच्या मर्जीवर राहते.

सयाजीराव महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. बडोद्यात गावोगाव वाचनालये काढायची ठरल्यावर त्यांनी नुसती पुस्तके विकत आणली नाहीत. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. भारतातला तो असा पहिला वर्ग. गावाने एक वाटा उचलायचा, प्रांताने एक, सरकारने एक. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१३ साली, याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तरुण भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथल्या ग्रंथालयात बुडून गेले. या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या वाटत नाहीत.

आता जरा घरचे बोलू. मान्यता आणि अनुदान हवे असेल तर संस्था नोंदणीकृत लागते, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. आमच्या किती मंडळांचे कागद सरळ आहेत? दहा वर्षांपूर्वीची कार्यकारिणी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी, आजची कार्यकारिणी फलकावर. मधले फेरफार अर्ज दाखलच नाहीत. हिशेबाची तपासणी नाही. दोन गट, दोन शिक्के, दोन पावतीपुस्तके आणि कपाट एकच! अशा मंडळाची फाईल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याने परत पाठवली तर प्रत्येक वेळी जातीयवाद म्हणता येणार नाही. जातीयवाद आहेच, तो कसा ओळखायचा हे आम्हाला कोणी शिकवू नये. परंतु त्याला आपण आयते कारण का पुरवावे? २०१२ च्या पडताळणी मोहिमेनंतर बरीच वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ बंद होती. त्या काळात ज्यांचे कागद तयार नव्हते ते दार उघडल्यावरही रांगेच्या शेवटीच उभे राहिले.

पैशाचा दुसरा प्रश्न कायद्यातच आहे. मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यांनी मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला तेव्हा कर ठेवला नाही, म्हणून आमचे ग्रंथालय आजही 'अनुदान' मागत उभे असते. आणि वसई-विरारच्या गावांना एक खास अडचण आहे, तिकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या एकोणतीस विषयांत 'ग्रंथालये' हा विषय शब्दशः आहे. नगरपालिका-महापालिकांच्या बाराव्या अनुसूचीत तो शब्द नाही. तिथे सांस्कृतिक, शैक्षणिक बाबींना चालना एवढेच मोघम आहे. महानगरपालिका अधिनियमातही ग्रंथालय हे बंधनकारक कर्तव्यांत नाही, स्वेच्छाधीन कर्तव्यांत आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावे आत ठेवायची की बाहेर काढायची यावर वर्षानुवर्षे मोर्चे आणि दावे झाले. पाणी, घरपट्टी, हिरवा पट्टा, सर्वांवर बोलले गेले. गाव महापालिकेत गेले की ग्रंथालय हक्काच्या यादीतून मर्जीच्या यादीत जाते, हे मात्र कोणत्याच बाजूने मांडलेले आमच्या ऐकिवात नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, कार्यालये जवळ आली, परंतु ही यादी बदलली नाही.

याच वसई तालुक्यात सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आमचे लोक तिथे अभिमानाने जातात. अशोकाने दगड कोरले हे सर्वांना आठवते. परंतु त्याने धम्ममहामात्र नेमले आणि कलिंगातल्या लेखांत ठराविक दिवशी तो मजकूर लोकांना ऐकवण्याची आज्ञा दिली, हे आपण विसरतो. दगड कोरून भागत नाही, वाचून दाखवणारा माणूस नेमावा लागतो, एवढी साधी गोष्ट त्या राजाला कळली होती.

म्हणून महापालिकेच्या आगामी अंदाजपत्रकापूर्वी पूर्व पट्ट्यातल्या प्रत्येक वस्तीने एक अर्ज द्यावा असे आमचे म्हणणे आहे. अर्जात तीनच गोष्टी असाव्यात. गावातील ग्रंथालयासाठी नव्हे, तर प्रशिक्षित ग्रंथपालाच्या वेतनासाठी वेगळे लेखाशीर्ष. प्रमाणपत्र अभ्यासक्रम करणाऱ्या स्थानिक मुला-मुलींची फी आणि प्रवासखर्च. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत जी समाजमंदिरे बंद पडली आहेत त्यांची यादी, किल्ली कोणाकडे आहे त्या नावासह. हे तिसरे कलम अधिकाऱ्यांना आवडणार नाही, आपल्याही काही पुढाऱ्यांना आवडणार नाही. तरी ते लिहावे. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.