यादीत पहिलं नाव कोणाचं?

ओपन सोर्स म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे तिथे पैशाचं नावही काढायचं नाही, असा एक सोवळा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. त्यामुळे एखाद्या प्रोजेक्टच्या वेबसाईटवर पैसे घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्यांची यादी दिसली की काही मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. देवळात दुकान कशाला मांडलं, असा एकंदर सूर!

मला हे अजिबात पटत नाही. हे सोवळं खुद्द रिचर्ड स्टॉलमननेही पाळलेलं नाही. १९८५ च्या सुमारास तो ईमॅक्सची टेप १५० डॉलरला विकायचा. कॉपी पाठवण्याचे किंवा वॉरंटी देण्याचे पैसे घ्यायची मुभा जीपीएलमध्येच लिहिलेली आहे. एवढंच कशाला, पूर्वी ईमॅक्ससोबत 'सर्व्हिस' नावाची एक फाईल यायची. तिच्यात काय असायचं? तर जीएनयू सॉफ्टवेअरसाठी पैसे घेऊन (क्वचित फुकटही) मदत करणाऱ्यांची यादी :)

शिवाय व्यवहार बघा ना. आपल्यापैकी ज्यांनी सर्व्हिस कंपनीत चार दिवस काढलेत त्यांना क्लायंटचा पहिला प्रश्न पाठ असतो - "सपोर्ट कोण देणार?" पोस्टग्रेस कितीही उत्तम असो, रात्री दोन वाजता डेटाबेस आडवा झाला तर कोणाचं नाक दाबायचं, हे त्याला आधी कळायला हवं असतं. उत्तर मिळालं नाही तर तो गुपचूप महागडं लायसन्स घेऊन मोकळा होतो. पोस्टग्रेसच्या साईटवर सेवा देणाऱ्या कंपन्यांचं प्रदेशवार पान आहे, त्याचा उपयोग हाच.

तेव्हा यादी हवीच. खरी मेख पुढे आहे. यादीत कोण घ्यायचं, आणि सगळ्यात वर कोण? शंभर नावं कोणी वाचत नाही. पहिल्या पाचांना फोन जातात, बाकीचे शोभेला. आणि त्या पहिल्या जागेला जी किंमत आहे ती कोणी मिळवून दिली? शनिवार-रविवार घालून फुकटात बग सोडवणाऱ्या लोकांनी. त्यामुळे ती जागा कोणाला मिळते हे त्यांना कळायलाच हवं.

यावर वेगवेगळ्या प्रोजेक्टांनी वेगवेगळे तोडगे काढले. डेबियनची सल्लागारांची यादी देशवार आहे, आणि आम्ही यातल्या कोणाचीही शिफारस करत नाही, असं ते सरळ सांगतात. भांडणच नाही! पण निवड कशी करायची हा क्लायंटचा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो.

वर्डप्रेसच्या होस्टिंगच्या पानावर अनेक वर्षं मोजक्याच कंपन्या असायच्या, आणि ही निवड पूर्णपणे आमच्या मर्जीची आहे असं त्या पानावरच लिहिलेलं असायचं. निकषांमध्ये वर्डप्रेसला केलेली मदत होती, आणि 'वर्डप्रेस'चं स्पेलिंग कॅपिटल अक्षरांसकट बरोबर लिहिणं हेही होतं. प्रामाणिकपणाला दाद देऊ, पण कबूल केली म्हणून मनमानी ही मनमानी राहत नाही थोडीच?

ड्रुपलवाल्यांनी २०१५ मध्ये कोणत्या कंपनीच्या लोकांनी किती इश्यू सोडवायला मदत केली त्याचं क्रेडिट मोजायला सुरुवात केली, आणि पुढे त्यावर कंपन्यांचा क्रम लावला. मला ही कल्पना जाम आवडते. ज्याने काम केलं तो वर. पण माणूस शेवटी माणूस. क्रेडिटसाठी किरकोळ पॅचेस टाकायचे प्रकार सुरू झाले, ते निस्तरण्यात मेंटेनरचा वेळ जायला लागला, आणि गैरवापराविरुद्ध नियम करावे लागले.

"बघा, मोजलं की लोक खेळ करणारच!" असं कोणी म्हणेल. करणारच. पण नियम उघडा असला तर खेळही उघड दिसतो. बोट ठेवून सांगता येतं की इथे बग आहे, आणि तो दुरुस्त करता येतो. नियम गुलदस्त्यात असेल तर उरते ती फक्त कुजबुज.

माझं म्हणणं इतकंच आहे. कोड उघडा ठेवता ना, मग यादीचा नियमही उघडा ठेवा. नाव कसं येतं, क्रम कसा लागतो, नाव कशामुळे निघतं, हे त्याच पानावर लिहा. कोणी पैसे दिले असतील तर जरूर घ्या, सर्व्हरचं बिल कोणाला चुकलंय? पण नावापुढे 'प्रायोजक' असं स्पष्ट लिहा. आणि शहरानुसार शोधायची सोय द्या, म्हणजे नाशिकमधल्या दोन माणसांच्या कंपनीलाही शेजारचा कारखानदार सापडेल.

पुढच्या वेळी असं पान उघडलंत तर नावांच्या आधी नियम शोधा. नाही सापडला तर विचारा. प्रोजेक्ट ओपन आहे म्हणतात, तर उत्तर द्यायला हरकत नसावी!