रेरा अप्रूव्हड, क्लिअर टायटल

पुलापलीकडे : घोडबंदरकर

कापूरबावडीहून गायमुखापर्यंत घोडबंदर रस्त्यानं जाताना वाचायला भरपूर मिळतं, कारण गाडी हलत नसते. सेरेनिटी, ब्लिस, मेडोज, ट्रँक्विल अमुक, लेकसाइड तमुक. त्रास, गोंगाट, धूळ या अर्थाचं सगळं इंग्रजीतून चाळून टाकायचं आणि उरेल ते होर्डिंगवर चढवायचं, असा या गृहसंकुलांचा खाक्या. कल्याण-शीळ रस्त्यालाही तेच. वर 'पीसफुल लिव्हिंग', खाली कर्कश हॉर्न आणि ट्रेलरची रांग.

याची टिंगल करणं सोपं आहे आणि व्हॉट्सअॅपवर ती रोज होते. मला त्यात फार दम वाटत नाही. आधीच्या पिढीनं डोंबिवलीत बंगल्याला 'विसावा' आणि सोसायटीला 'समाधान' म्हटलं, तेही ह्याच आशेनं. शिवाय 'सेरेनिटी' वाचून कुणी फसत नाही. रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला येणारं जोडपं आठवडाभर लोकलला लटकून आलेलं असतं. तिथं पाखरं किलबिलणार नाहीत, हे त्यांना बिल्डरपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

त्यांचा जीव भांड्यात पडतो तो वेगळ्याच शब्दांनी. रेरा अप्रूव्हड. क्लिअर टायटल. सर्व बँकांचं लोन उपलब्ध. दिसायला रुक्ष, जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले. पण पीएफ काढून, गावची जमीन विकून, बायकोचे दागिने गहाण ठेवून टोकन द्यायला निघालेल्या माणसाला धीर देतात ते हेच. आणि कल्याण-डोंबिवलीत माणसं बुडाली ती याच शब्दांवर विसंबून.

ते ६५ इमारतींचं प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. बिल्डरांनी महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या, त्या महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडे, अपलोड केल्या आणि नोंदणी क्रमांक मिळवले. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, एसआयटी नेमली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या इमारती तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. तोवर त्यांत हजारो कुटुंबं राहायला गेली होती, अनेकांचे गृहकर्जाचे हप्ते चालू होते.

गोम अशी की परवानगी खोटी होती, पण नोंदणी क्रमांक खरा होता. ग्राहकानं महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकला की प्रकल्प समोर येत होता. म्हणजे सुशिक्षित, सावध, नियम पाळणारा माणूसच इथं अडकला. 'घेताना नीट बघायचं ना,' असं ऐकवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. त्यानं बघितलं होतं. सरकारनंच दाखवलेल्या ठिकाणी बघितलं होतं.

रेरा कायद्यात 'अप्रूव्हड' असा काही प्रकार नाही. आहे ती नोंदणी. बिल्डर कागद देतो, त्याची नोंद होते. ही नोंद म्हणजे मान्यता, असं बाजारानं परस्पर ठरवून टाकलं आणि ते खोडून काढायची तसदी कुणी पुरेशी घेतली नाही. कायद्याचं कलम १२ खोट्या जाहिरातीच्या नुकसानीची भरपाई देतं, घर नको असेल तर व्याजासह पैसे परत मागू देतं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. कोड उत्तमच, पण तो ज्या नोंदीपाशी नेतो तिच्याखालचा कागद बोगस असेल तर कोडनं काय होणार? आणि भरपाई मागायची कुणाकडे, फरार झालेल्या बिल्डरकडे?

पालिकेचं म्हणणं, या परवानग्या आम्ही दिल्याच नाहीत. बरोबर आहे, दिल्या नाहीत. पण मजल्यावर मजला चढताना प्रभाग कार्यालयातल्या साहेबांची गाडी त्या रस्त्यानं जातच नव्हती काय? या शहराला हे नवीन नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या अनधिकृत बांधकामांची न्यायमूर्ती अग्यार यांनी चौकशी केली, त्या वेळीच त्यांचा आकडा ६७ हजारांच्या पुढे होता. ठाण्यानं तरी कुठं धडा घेतला? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली. वरचं बांधकाम चालू असतानाच खाली लोक राहायला आले होते. जागेचं नाव लकी कंपाउंड.

आता चौकशी चालू आहे, बिल्डर आरोपी आहेत, ते योग्यच. माझा राग मात्र त्या तिसऱ्या शब्दावर आहे, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही. 'लोन उपलब्ध.' मध्यमवर्गीय माणूस वकील करत नाही, कारण बँकेचा वकील आहे असं तो धरून चालतो. 'बँकेनं लोन दिलं म्हणजे कागद चोख' हे वाक्य डोंबिवलीच्या फलाटावर कुणालाही विचारा. आणि ते चुकीचं का असावं? बँक कर्ज देण्याआधी वकिलाकडून मालकीचा शोध घेते, इंजिनीअरकडून जागेची पाहणी करून घेते, आणि हा सगळा खर्च प्रोसेसिंग फी किंवा लीगल-टेक्निकल चार्जेस म्हणून कर्जदाराकडूनच वसूल करते. मग त्या वकिलानं पालिकेत जाऊन परवानगीचा जावक क्रमांक ताडून का पाहिला नाही? एका खिडकीवर अर्ध्या दिवसाचं काम होतं.

६५ इमारतींतल्या रहिवाशांनी पुनर्वसन मागावंच. त्याबरोबर आपापल्या बँकेत एक अर्ज टाकावा. माझ्या फ्लॅटचा तुमच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि इंजिनीअरचा अहवाल द्या, सही-शिक्क्यासह. अहवाल कुणी लिहिला, काय पाहून लिहिला, हे निदान पैसे भरणाऱ्याला कळू द्या.