दोन बॅटऱ्यांचं जॉइंट खातं

जॉइंट खातं उघडायला आलेल्या माणसाला चांगला कारकून आधी एकच प्रश्न विचारतो, "पैसे काढायचा अधिकार कोणाला?" हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे सख्खे भाऊ काउंटरवर एकमेकांची गचांडी धरताना मी वीस वर्षं पाहत आलो आहे. आणि नेमका हाच प्रश्न सोडून बाकी सगळं विचारणारी एक नवी जमात हल्ली निघाली आहे. ती म्हणजे जीपगाडीत दुसरी बॅटरी बसवणारांची!

माझा भाचा त्यातलाच. आधी थार घेतली, मग तंबू, मग गाडीतला फ्रिज. आमच्या वडिलांनी घरात फ्रिज घ्यायला सात वर्षं विचार केला होता. हा लडाखात हान्लेला तारे बघायला फ्रिज घेऊन निघालाय. "मामा, कुठली सिस्टिम घेऊ? फिटिंगवाला म्हणतो, सगळ्यात महागातली घ्या, डोक्याला ताप नाही."

डोक्याला ताप नको असणाऱ्यांनी डोंगरात जाऊच नये, हे माझं पहिलं म्हणणं. दुसरं असं, की पेटी निवडण्याआधी माणसं ओळखा. गाडीची मूळ बॅटरी ही लग्नात आहेर करणाऱ्या मामासारखी. एकदाच, काही सेकंद, पण भरघोस देणार! त्याच्याकडे रोज दुधाचे पैसे मागाल तर तो थोड्याच दिवसांत बसेल. दुसरी, डीप सायकल बॅटरी, ही पेन्शनर आजोबांसारखी. रोज थोडं थोडं पुरवून खर्च करणारी. या दोघांना नुसत्या तारेनं जोडलंत, की झालं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं. फ्रिज रात्रभर दोघांकडून उचल करतो आणि सकाळी, चार हजार मीटरहून उंचावर, किल्ली फिरवल्यावर 'टक्' एवढाच आवाज येतो. सर्व्हायव्हर कोणीच नाही!

म्हणून मध्ये कारकून हवा. साधा कारकून म्हणजे व्होल्टेज पाहून चालणारा रिले. सुमारे १३.३ व्होल्ट दिसले, की आवक सुरू आहे असं समजून दोघांना जोडतो, १२.८ च्या खाली उतरलं, की तोडतो. जुन्या गाड्यांत, जिथे अल्टरनेटर इमानाने १४ व्होल्ट देतो, तिथे हा स्वस्त माणूस वर्षानुवर्षं बिनतक्रार काम करतो. त्याला हसू नका.

पण बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या तंत्राने चालतो. इंधन वाचवायला तो कधी साडेबारा व्होल्टपर्यंत उतरतो, ब्रेक लावताना एकदम वर चढतो. तिथे बिचारा रिले खिडकी उघडू की मिटू या विवंचनेत दिवस काढतो. तिथे डीसी-डीसी चार्जरच हवा. आवक कितीही लहरी असो, तो दुसऱ्या बॅटरीला तिचा ठरलेला हप्ता देतो. लिथियम असेल तर आणखीच हवा, कारण तिला थेट जोडलं तर ती अल्टरनेटरला पिळून तापवते. म्हणजे चार्जर घ्यायचा तो महाग आहे म्हणून नव्हे, गाडीला गरज आहे म्हणून.

आता वही काढा. फ्रिज दिवसाला अंदाजे ३५ अँपिअर-तास, दिवे आणि मोबाईल १०. एकूण ४५. शंभरची शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे एक दिवस. शंभरची लिथियम ऐंशीपर्यंत देते, पावणेदोन दिवस. २५ अँपिअरचा चार्जर तिची ४५ ची तूट दोन तासांच्या प्रवासात भरून काढेल. शिशाची बॅटरी मात्र शेवटचा घास चघळत बसते. आणि लिथियमला शून्याखालच्या थंडीत चार्ज करायचं नसतं. हान्लेच्या पहाटेला जाताना तसं चार्जिंग आपोआप तोडणारी सोय तिच्यात आहे का, ते विचारा.

माझा खरा राग मात्र पुढेच आहे. हजारो रुपयांची चकचकीत आकडे दाखवणारी पेटी बसवून तिला सुतळीसारखी तार आणि फ्यूज एकही नाही, असली फिटिंग मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती तार पत्र्यावर घासून उघडी पडली, की गाडी पेटायला काडी लागत नाही. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांजवळ एकेक फ्यूज आणि जाड तार, यात कंजुषी करणाऱ्या फिटिंगवाल्याला आल्या पावली परत पाठवा.

दुकानदार त्या पेटीला खुशाल 'मॅनेजमेंट' म्हणोत. मॅनेजर आमच्याही शाखेत आहेत, काचेच्या खोलीत बसतात. संध्याकाळी हिशेब जुळवतो तो पेन्सिलवाला कारकूनच!