फॉरमॅट मारण्याआधी थांबा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका ॲट्रॉसिटी प्रकरणाचे सगळे कागद एका पेन ड्राइव्हमध्ये होते. एफआयआरची प्रत, जातीचा दाखला, दवाखान्याचे कागद, घटनास्थळाचे फोटो, जिल्हाधिकाऱ्यांना दिलेली निवेदने आणि साक्षीदारांनी आमच्याजवळ सांगितलेल्या हकिकतींची सहा रेकॉर्डिंग. जिल्हा दक्षता समितीची बैठक दोन दिवसांवर आली होती. निवेदनाच्या प्रिंट काढायला आमचा एक कार्यकर्ता तो पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेला. परत येऊन पाहतो तर प्रत्येक फोल्डरच्या जागी बाणाचे चिन्ह असलेला शॉर्टकट. त्याने क्लिक केले आणि कार्यालयातला कंप्युटरही त्याच रोगाने पछाडला.

दुरुस्तीवाल्याने अँटिव्हायरस चालवला. शॉर्टकट गेले आणि पेन ड्राइव्ह रिकामा दिसू लागला. तो म्हणाला, "व्हायरस गेला दादा, पण डेटाही गेला. फॉरमॅट मारून देतो, निदान पेन ड्राइव्ह तरी वापरता येईल." आमचा कार्यकर्ता 'हो' म्हणण्याच्या बेतात होता. बैठकीच्या चिंतेने त्याला तेवढाच विचार सुचत होता. नशिबाने दुकान बंद व्हायची वेळ झाली आणि तो पेन ड्राइव्ह तसाच घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी विहारातल्या अभ्यासिकेत आयटीआयला कोपा ट्रेड करणारी एक मुलगी आली होती. तिने पेन ड्राइव्हची प्रॉपर्टी उघडली आणि साधा प्रश्न विचारला, "दादा, ड्राइव्ह रिकामा असेल तर अकरा जीबी जागा भरलेली कशी दिसते?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. आम्ही एम.ए. झालेले, शिबिरांत व्याख्याने देणारे, आणि दुकानदाराने सांगितले ते प्रमाण मानून बसलेलो! त्या मुलीने 'मानू नका, तपासा' हे कृतीने शिकवले. बुद्धाचा विचार आम्ही भाषणात सांगत होतो, तिने तो कीबोर्डवर वापरला.

मित्रांनो, हा व्हायरस काय करतो ते समजून घेऊ. शॉर्टकट व्हायरस बहुधा आपल्या फाइल पुसत नाही. तो त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टीम' असे दोन शिक्के मारतो, कधी त्या सगळ्या नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये ढकलतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट वर मांडतो. अँटिव्हायरस येतो, खोटे शॉर्टकट काढतो आणि निघून जातो. मारलेले शिक्के मात्र तसेच राहतात. म्हणून फाइल दिसत नाहीत. ज्या फाइल तिथेच आहेत त्यांना 'गेल्या' समजून आपण फॉरमॅट मारतो. व्हायरसने जे केले नाही ते आपण आपल्या हाताने करतो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. आधी कंप्युटर स्वच्छ आहे याची खात्री करा, नाहीतर पेन ड्राइव्ह लावताच पुन्हा तेच होईल. मग फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा आणि ऑप्शन्समध्ये जाऊन 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' लपवण्याची खूण काढा. फिकट रंगाचे फोल्डर समोर येतात. त्यातला आपला मजकूर दुसऱ्या जागी कॉपी करा. शिक्के कायमचे काढायचे असतील तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'अॅट्रिब' ही आज्ञा आहे. ती विंडोजमध्येच असते, विकत घ्यावी लागत नाही. आमच्या त्या मुलीने हेच केले आणि सहापैकी चार रेकॉर्डिंग, सगळे फोटो आणि सगळी निवेदने परत आली.

दोन रेकॉर्डिंग आली नाहीत. दुरुस्तीवाल्याने 'संशयास्पद' म्हणून एक फोल्डर हातानेच डिलीट केला होता. ती दोन रेकॉर्डिंग त्यात होती. आणि ड्राइव्ह रिकामा आहे असे समजून आमच्याच एका सहकाऱ्याने त्याच रात्री त्यावर वर्षावासाच्या कार्यक्रमाचे फोटो भरले होते. डिलीट केलेल्या फाइलचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. आधी तिची नोंद जाते आणि ती जागा मोकळी समजली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले की मग मात्र मजकूर जातो. फोटोरेक किंवा रेकुव्हा यांसारखी मोफत साधने अशा फाइल शोधून देतात, पण जागा तशीच राहिली असेल तरच. एक रेकॉर्डिंग अर्धवट मिळाले. दुसरे कायमचे गेले. ते गावातल्या एका आजीचे होते. मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनवर केले होते त्यातून आम्ही ते जागा हवी म्हणून आधीच काढून टाकले होते. आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. तोवर गावाचा दबाव आला होता. "आता नको बाळा, मला इथंच राहायचंय," एवढेच त्या म्हणाल्या.

हे व्हायरसने केले नाही. आमच्या बेफिकिरीने केले, हे आम्ही इथे लिहून ठेवतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा कंप्युटरवाल्या पोरांचा विषय आहे, चळवळीने रस्त्यावर उतरावे. आम्हालाही पूर्वी असेच वाटे. पण जरा विचार करा. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे तपास ६० दिवसांत पूर्ण व्हायला हवा. जिल्हा समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. हे होत नाही असे आपण मोर्चात ओरडून सांगतो. पण कोणत्या तारखेला निवेदन दिले, कोणी पोच दिली, कोणत्या बैठकीत प्रकरण आलेच नाही, हे सिद्ध करते ती फाइल. घोषणा दुसऱ्या दिवशी विरते. नोंद वीस वर्षांनीही बोलते.

ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या दप्तर होते त्यांना कागदाची किंमत शिकवावी लागली नाही. कुलकर्ण्याच्या दप्तरात जे लिहिले ते खरे ठरले, आपल्या आजोबाने तोंडी सांगितले ते खोटे ठरले. आज आपल्या हातात पहिल्यांदा स्वतःचे दप्तर आले आहे. ते सोळा जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये, कोणाच्या तरी मोटारसायकलच्या डिकीत फिरत असेल तर दोष कोणाचा?

बाबासाहेबांच्या कागदांचा इतिहास आठवा. १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे सरकारी ताब्यातल्या पेट्यांत पडून होती. महाराष्ट्र शासनाने लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ मध्ये. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने चिकाटीने हे काम केले म्हणून ते कागद आपल्यापर्यंत आले. तरीही १९८७ च्या तिसऱ्या खंडात काही प्रकरणे अपुरी आहेत, काही मिळालीच नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांची ही गत, तर आपल्या तालुक्यातल्या प्रकरणांचे काय होणार?

आता पुराव्याचा मुद्दा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, म्हणजे आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या वादात, स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून ज्या फोनवर रेकॉर्डिंग केले त्यातून ते काढू नका. आणि ज्या कंप्युटरवरचा मजकूर खटल्यात लागू शकतो त्यावर व्हायरस आला तर साफसफाई करण्याआधी जाणकाराकडून डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्या, वकिलांना विचारा.

याचे कारण सगळ्यांना ठाऊक असलेल्या भीमा कोरेगाव प्रकरणात दिसते. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर या मालवेअरद्वारे बाहेरून कागदपत्रे घातली गेली. तपास यंत्रणेला ते मान्य नाही. पण ही तपासणी होऊ शकली ती डिस्कची प्रत हाती होती म्हणून. मालवेअर फाइल लपवतो तसा फाइल ठेवूनही जाऊ शकतो. त्याच्या खुणा पुसल्या तर आपली बाजू मांडायला काय उरते?

फाइल दिसत नाही म्हणजे काय झाले असेल, हे ओळखायला शिकले पाहिजे. लपवली असेल तर जागा भरलेली दिसते, तिचा उपाय वर सांगितला. अँटिव्हायरसने उचलली असेल तर ती त्याच्या 'क्वारंटाइन'मध्ये असते. तिथली यादी पाहा, आपले कागद असतील तर ते सुरक्षित आहेत याची खात्री करून परत आणा, आणि तोवर अँटिव्हायरस काढून टाकू नका. पुसली असेल तर त्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका, शोधसाधन दुसऱ्या कंप्युटरवर टाका आणि सापडलेल्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीवर मात्र पुसलेले बहुतेक वेळा परत येत नाही. आणि फाइलच्या नावाचे शेपूट बदलून पैशांची चिठ्ठी आली असेल तर तो रॅन्समवेअर, फाइल तिथेच पण कुलूपबंद. पैसे देऊ नका. २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' उपक्रमात काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज किल्ली नसली तरी कुलूपबंद फाइल जपून ठेवा, उद्या निघू शकते.

पण तंत्रापेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या आतली आहे. आपल्याकडे सगळे कागद एकाच नेत्याच्या पेन ड्राइव्हमध्ये का असतात? कारण कागद ज्याच्याकडे त्याच्याकडे मान. पीडित कुटुंबाने पुन्हा पुन्हा त्याच्याच दारी यावे, अशी ही व्यवस्था. ज्ञानाच्या मक्तेदारीविरुद्ध उभे राहिलेले आपण छोट्या छोट्या मक्तेदाऱ्या पोसतो. मग एक व्हायरस येतो आणि पाच वर्षांचे काम एका रात्रीत नाहीसे होते.

उलट बाजूही खरी आहे. प्रती वाढल्या की गुप्तता धोक्यात येते. पीडितांची नावे, मुलींचे जबाब व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणे हा दुसरा अन्याय आहे. ज्या गावात गुन्हा घडला तिथल्याच झेरॉक्सच्या दुकानात प्रकरणाचा पेन ड्राइव्ह देणे ही तर आमची सर्वांत मोठी चूक होती. त्या कंप्युटरवर कोणाकोणाचे हात असतात हे आपल्याला माहीत असते का?

आम्ही आता असे करतो. प्रत्येक प्रकरणाच्या तीन प्रती : एक कार्यालयात, एक दुसऱ्या गावातल्या विश्वासू सहकाऱ्याकडे, दोन्ही पासवर्डने बंद, तिसरी छापील, पीडित कुटुंबाच्या घरी, कारण कागद मुळात त्यांचे आहेत. प्रिंटसाठी वेगळा पेन ड्राइव्ह, त्यात फक्त त्या दिवशी लागणारे पान. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर प्रती उघडून पाहायच्या. हे काम आळीपाळीने सगळ्यांकडे, मुलींकडेही. आणि अभ्यासिकेत दर महिन्याला एक तास कंप्युटरचा. तो तास आता तीच कोपावाली मुलगी घेते आणि आम्ही समोर बसून शिकतो.

तुमच्या शाखेत, तुमच्या विहारात कागद कोणाकडे आहेत, किती प्रती आहेत, शेवटचे कधी उघडून पाहिले, एवढे तीन प्रश्न येत्या बैठकीत विचारा. आजींचा आवाज आम्हाला परत आणता आला नाही. तुमच्या गावातली अशी एखादी आजी आज बोलायला तयार असेल, तर तिचे शब्द जपण्याची तयारी करूनच तिच्या दारात जा.

जय भीम!