मान घासत नाहीस का गं?

परवा दुपारी बोरिवलीहून भाचीचा फोन आला. तिच्या लेकीचं लग्न ठरलंय. हॉल, साड्या, केटरर असं सगळं बोलून झाल्यावर मूळ मुद्दा निघाला. "मावशी, तुझ्या सासूबाई वांगावर जायफळ उगाळून लावायच्या ना? दुधात की पाण्यात?" नातीच्या गालांवर मुरमांचे काळे डाग राहिलेत, मानही काळी पडलीय, आणि हल्ली फोटोत सगळंच दिसतं, वगैरे. मी काही सांगणार तेवढ्यात तिनेच पुढचं सांगून टाकलं. पार्लरवालीने एक डबी दिली आहे. पांढरी, वर काहीही लिहिलेलं नाही. "आठ दिवसांत फरक पडतो म्हणते."

फोनवर मी तिला जरा जास्तच रागावले. म्हणून इथे शांतपणे लिहिते. तशीही निम्मी नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात आणि उरलेल्यांना वाचून दाखवतात. :)

आधी डबीचं. २०२३ साली अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती, कुणाला आठवत असेल. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघीही एकच गोरं करणारं क्रीम लावत होत्या. तेही ओळखीच्या ब्यूटीशियनकडून घेतलेलं. चेहरे उजळले, लोकांनी कौतुक केलं आणि मग तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. परळच्या केईएममध्ये त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारा दशलक्ष भागांत १ भागापर्यंतच चालतो. इथे तो हजारांत होता. केरळातही मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना अशाच क्रीमांमुळे मूत्रपिंड बिघडलेले बरेच रुग्ण सापडले.

पारा काम करतो हे खोटं नाही, आणि तिथेच माणूस फसतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ज्या क्रियेने तयार होतं ती क्रियाच पारा अडवतो, म्हणून फरक लवकर दिसतो. पण तो कातडीतून आत शिरतो आणि बाहेर पडायची त्याची मुख्य वाट मूत्रपिंडातून जाते. तेव्हा "आठ दिवसांत फरक" हे ऐकलं की आनंद व्हायच्या ऐवजी शंका यायला हवी.

दुसरी गोष्ट केमिस्टकडच्या ट्यूबची. पुष्कळ घरांत कुणालातरी डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेलं मलम असतं आणि मग ते जावा, नणंदा, शेजारणी अशी पाहुणचाराला फिरतं. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या १२ केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण पाहिले. त्यातले ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते. १२६ जण तर ते गोरं होण्यासाठी किंवा साध्या क्रीमसारखं, दाढीनंतर वगैरे वापरत होते! २०१८ मध्ये सरकारने अशी १४ औषधं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे. आमच्या नाक्यावर मला मात्र कुणी कधी चिठ्ठी विचारली नाही. असो.

आता जायफळ. वांग मला दुसऱ्या बाळंतपणात आला, दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा. सासूबाई सहाणेवर जायफळ उगाळून लावायच्या. चरचरायचं, पण माया कळायची म्हणून मी गप्प बसायचे. मग कुणीतरी लिंबू सांगितलं. लिंबू चोळून मी गॅलरीत उन्हात केस वाळवत बसले आणि गालावर नवाच काळा पट्टा उमटला. लिंबाच्या रसातल्या, विशेषतः सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजते आणि नंतर काळी पडते, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. बाळ वर्षाचं होईतो वांग बराच फिका झाला आणि सगळं श्रेय जायफळाला गेलं. बाळंतपणातला वांग पुष्कळदा नंतर आपोआपच कमी होतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आपल्या सावळ्या कातडीचा स्वभावच असा आहे की तिला कशानेही दुखावलं तरी ती काळा डाग ठेवते. मुरूम फोडला, डाग. वॅक्सिंगने भाजलं, डाग. आणि तो डाग घालवायला आपण घासतो, चोळतो, झोंबणारं काहीतरी लावतो. म्हणजे पुन्हा दुखावतो. डाळीचं पीठ आणि साय याला माझी हरकत नाही, हलक्या हाताने लावा आणि धुऊन टाका. पण खरा घरगुती उपाय अगदी नीरस आहे. छत्री, आणि सनस्क्रीन. तेही सकाळी एकदा बोटभर लावून संध्याकाळपर्यंत निभावत नाही, दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं. वांग असेल तर किंचित रंगाची छटा असलेलं घ्यावं, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो. तो उजेड खिडकीच्या काचेतून स्वयंपाकघरातही येतो. एवढं करूनही फरक महिन्यांनी दिसतो. लग्नाच्या तारखेला तो बांधील नसतो.

आणि मान. फोनवर भाची म्हणाली, "किती घासते गं, जातच नाही." ते ऐकलं आणि मला एकदम माझा वर्ग आठवला.

सोमवारी आम्ही स्वच्छता तपासायचो. नखं, केस, रुमाल, मान. सातवीतली एक मुलगी होती, अंगाने जरा स्थूल, अबोल, अक्षर सुरेख. तिची मान मागून काळी, जाडसर, मखमलीसारखी दिसायची. मी साऱ्या वर्गासमोर म्हटलं, "मान घासत नाहीस का गं?" मुली हसल्या. दुसऱ्या दिवशी ती आली ती मान लालबुंद सोलवटून. घरात टाचा घासायची वज्री होती, तिने घासली होती. आणि मी काय म्हटलं असेल? "आता कशी छान स्वच्छ दिसतेय!"

निवृत्तीनंतर मधुमेहाच्या तपासणीला गेले असताना दवाखान्याच्या भिंतीवर अगदी तशाच मानेचं चित्र पाहिलं. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की मानेची, काखेची त्वचा अशी जाड आणि काळी होते. तो मळ नसतोच. शरीर आतून सांगत असतं की साखर तपासा, वजन बघा, मुलींच्या बाबतीत पाळीची चौकशी करा. आम्ही शिक्षक दर सोमवारी ते पाहत होतो आणि ओरडत होतो. त्या मुलीच्या आईला शाळेत बोलावून "एकदा डॉक्टरांना दाखवा" एवढं सांगायला मला पाच मिनिटंही लागली नसती. पण ते सुचलंच नाही, कारण काळं म्हणजे अस्वच्छ हे मी न तपासता धरून चालले होते. शिकवायला उभी असलेली बाई मी!

भाचीला म्हटलं, डबी फेकून दे आणि पोरीला आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे ने, मग रक्त तपासून घे. ती म्हणाली, "मावशी, लग्नाच्या घाईत हे कुठे काढतेस?" तेव्हाच माझा आवाज चढला. संध्याकाळी नातीनेच फोन केला. "आजी, तू आईला रागावलीस म्हणे." मी तिला त्या सातवीतल्या मुलीची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडेही वज्रीच आहे, आजी."

शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहे. मीही बरोबर जातेय, मुलुंडहून पहिली बस पकडून.