घेणाऱ्याचेही मत असते

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस, संपत आला की बीडच्या किराणा दुकानांत एकाच ठशाच्या याद्या येऊ लागतात. तांदूळ, साखर, तेल, बेसन, चहापत्ती, शेवया, खजुराचा एक डबा. अशा पन्नास पिशव्या, शंभर पिशव्या, कधी दोनशे. दुकानातली पोरे तरावीहची नमाज आटोपून रात्री उशिरापर्यंत पिशव्या बांधत बसतात. त्यातला बराचसा पैसा जकातीचा असतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने त्यातला अडीच टक्के वाटा गरिबाला द्यायचा असतो. दिला तर पुण्य, न दिला तरी चालते, असे त्यात नाही. रोजा-नमाजाइतकेच ते फर्ज आहे.

या फर्जाची एक अट मात्र मशिदीतल्या बयानात फारशी ऐकू येत नाही. या भागातले बहुतेक मुसलमान जे हनफी धर्मशास्त्र मानतात, त्यात तिला ‘तमलीक’ म्हणतात. जकातीचा माल गरिबाच्या नुसता उपयोगी पडून भागत नाही, तो त्याच्या मालकीचा व्हावा लागतो. म्हणून जकातीच्या पैशातून मशीद बांधता येत नाही, रस्ता करता येत नाही. पैसा एकदा गरिबाच्या हाती गेला की देणाऱ्याचा त्यावरचा हक्क संपला. त्याचे काय करायचे ते घेणारा ठरवील.

आता पिशवीचे पाहू. घरात शिवणकाम करणाऱ्या बाईला तीन ठिकाणांहून तीन पिशव्या मिळतात. साखर सहा किलो होते, पण नवऱ्याच्या औषधाला पैसे नसतात. मग ती चार किलो साखर आणि तेलाची एक पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कमी भावात विकते आणि औषध आणते. गोष्ट देणाऱ्याच्या कानावर जाते आणि तो दुखावतो. “आम्ही खायला दिले, यांनी विकून टाकले.” तमलीकच्या नियमाने बाईचे काहीच चुकलेले नाही. माल तिचा होता. काय हवे हे तिला कोणी विचारलेच नव्हते, तेव्हा तिने आपले मत विकूनच सांगितले.

ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला मतही नसते, असा देणाऱ्याचा समज असतो. बीड जिल्ह्याला तो समज पटू नये. १९७२च्या दुष्काळात रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरात आला, खरीप हातचे गेल्यावर. त्या सुमारास रेशनवर परदेशी लाल ज्वारी आली. ‘मिलो’ तिचे नाव. ती फुकट नव्हती, पैसे मोजून घ्यावी लागे. भाकरी धड थापली जात नसे आणि चवीला उग्र लागे. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात ही गोष्ट गावोगाव पोचली होती आणि ती खोटी नव्हती. लोकांनी मिलो खाल्ली, पण ती आठवताना साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे आजही तोंड वाकडे करतात. गाजर गवताचेही तसेच. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हातून ते आले, असे बांधावरचा प्रत्येक माणूस सांगतो. त्या योजनेचा भारताशी पहिला करार १९५६ सालचा आणि पुण्यात हे गवत त्याच सुमारास, बहुधा थोडे आधीच दिसले होते. तारखांचा मेळ पुरता बसत नाही. त्याआधीही अमेरिकन गहू येत होताच, त्यामुळे वादही मिटत नाही. एवढे मात्र त्यातून कळते की आलेला गहू लोकांनी नुसता गिळला नव्हता. त्याच्याबरोबर काय काय आले याचा हिशेबही ठेवला होता.

त्याच दुष्काळात याच लोकांनी एक मागणी लावून धरली, ती म्हणजे काम द्या. मे १९७३मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. काम हाडे मोडणारे होते, पण मजुरीचा पैसा आपला होता. त्यातूनच वि. स. पागे यांच्या रोजगार हमीला बळ आले, १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. बीडच्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या, प्राध्यापकाच्या पगारपत्रकावर आजही महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, ते त्याच कराचे. कापले जाताना कुरकुर होते खरी, पण त्या पैशावर खडी फोडणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत.

या रमजानमध्ये इफ्तारच्या दुआंत ज्या लोकांचे नाव हमखास येते, त्या पॅलेस्टिनींची गोष्ट याच बाजूने पाहण्यासारखी आहे. त्यांच्या उपाशी मुलांचे फोटो सर्वांनी पाहिले आहेत. त्यांचे म्हणणे मात्र फार थोड्यांनी ऐकले आहे. निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९मध्ये यूएनआरडब्ल्यूए ही संस्था स्थापन केली. तिच्या नावातच ‘मदत’ आणि ‘कामे’ असे दोन शब्द आहेत. निर्वासितांनी मदतीचे रेशन घेतले. कामांच्या योजनांकडे मात्र ते संशयाने पाहत राहिले, कारण त्यामागे त्यांना दुसऱ्या मुलखात कायमचे वसवण्याचा बेत दिसत होता. गाझातल्या निर्वासितांना सिनाईत हलवण्याची योजना पुढे आली, तेव्हा मार्च १९५५मध्ये रेशनवर जगणारी हीच माणसे रस्त्यावर उतरली. मराठवाड्याने काम मागितले आणि गाझाने नाकारले. दोन्हीकडे माणसे भुकेलीच होती. फरक होता तो कामाच्या बदल्यात काय द्यावे लागणार याचा.

२००६मध्ये पुन्हा तेच. निवडणुकीत हमास जिंकली आणि पाश्चात्त्य देशांनी प्राधिकरणाची थेट मदत थांबवली. दीड लाखाच्या आसपास सरकारी नोकरांचे पगार रखडले. रामल्लाहमध्ये खलील शिकाकी यांची लोकमत पाहणी करणारी संस्था आहे. तिने त्या दिवसांत लोकांना विचारले, तेव्हा बहुसंख्य लोक नव्या सरकारच्या आर्थिक कामगिरीवर नाराज निघाले. पण मदतीसाठी देणाऱ्या देशांची इस्रायलला मान्यता देण्याची अट मान्य करावी का, यालाही बहुसंख्यांचे उत्तर ‘नाही’ होते. ही भूमिका बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण रिकाम्या खिशाच्या माणसाने दोन्ही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे दिली, हे खरे. आपल्या राज्यकर्त्यांनाही तो सोडत नाही. त्याच संस्थेच्या पाहण्यांत ८० टक्क्यांहून अधिक लोक प्राधिकरणाच्या संस्थांत भ्रष्टाचार आहे असे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. युद्धाच्या काळातही पाहणी करणारे तंबूंपर्यंत जाऊन प्रश्न विचारत राहिले.

भारत या यूएनआरडब्ल्यूएला गेली काही वर्षे दरसाल ५० लाख डॉलर देतो. इथल्या करदात्याचा, म्हणजे बीडकराचाही, त्यात खारीचा वाटा आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त दुआ मागणाऱ्यांचा नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये सिंदफणा आणि गोदावरीच्या पुराने गेवराई, माजलगाव, शिरूर कासारच्या शेतांतली मातीच वाहून नेली. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात मदतीच्या किटांवर नेत्यांचे फोटो छापल्यावरून गदारोळ झाला. त्या फोटोंना नावे ठेवणारे आपण, जकातीची पिशवी देताना बुरख्यातल्या बाईला कॅमेऱ्याकडे बघायला सांगतो आणि तो फोटो तासाभरात मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकतो. फरक असलाच तर छपाईच्या खर्चाचा आहे.

हनफी शास्त्राने आणखी एक सोय करून ठेवली आहे. देताना ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगणे बंधनकारक नाही, देणाऱ्याच्या मनातली नियत पुरे. बशीरगंजपासून मोमीनपुऱ्यापर्यंत अशी घरे आहेत की जिथे ही रक्कम ईदी म्हणून पाकिटातून जाते. घेणारीला वाटते, भाऊ ईदीला विसरला नाही. कोणी पाकिटाआधी एक निरोप पाठवतो, “आपा, यंदा काय लागणार आहे?” उत्तर कधी पोराची वसतिगृहाची फी असते, कधी दवाखाना, कधी शिलाई मशीनची मोटार. तांदूळ क्वचितच. सत्ताविसावी रात्र अजून आठवडाभर दूर आहे आणि बऱ्याच पिशव्या अजून बांधायच्या आहेत.