वाटाड्याचं कपाट वेगळं का?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचनालयात 'निसर्ग व प्रवास' अशी पाटी लावलेलं कपाट आहे. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' त्यात, मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' त्यात. वाचा दोस्तहो, दोन्ही वाचा. झाड-पाखरू बघायला शिकवणाऱ्यांशी आपलं वैर नाही. माझं भांडण कपाटाशी आहे. शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' तिथं शोधलं, तर बाई म्हणाल्या, "ते दलित साहित्यात बघा."

का? खरात आटपाडीचे, बाप तराळ. तराळ म्हणजे रात्री-अपरात्री सांगावा घेऊन परगावी पळणारा, सरकारी माणसाला वाट दावणारा. माझा आजा असाच वेसकर होता. अक्षरशत्रू. पण शिवेचा धोंडा कुठं पुरलाय, पावसाळ्यात ओढ्याला उतार कुठं, चांदणी किती वर आली म्हणजे तांबडं फुटणार, सगळं त्याला तोंडपाठ. दोन गावांत शिवेवरनं जुंपली की पाटील-कुलकर्णी महारालाच पुढं घालायचे. त्याच्या शब्दावर हद्द ठरायची आणि त्याच हद्दीतल्या विहिरीवर त्याला मज्जाव! कागदावर काढला तर भूगोल, आज्याच्या पायात असला तर वेठबिगार?

वतनाचा उमाळा मला नाही. बाबासाहेबांनी 1928 सालीच त्याच्याविरुद्ध बिल आणलं होतं. 1958 च्या कायद्यानं ते गेलं, बरं झालं. पण त्यासंगं ते शहाणपणही मातीत गेलं. उरलं ते असल्या पुस्तकांतनं.

दुसरं पुस्तक छोटं आहे, बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. 1935-36 च्या सुमाराचं लिखाण, पुस्तिका निघाली 1990 साली. त्यातला 1901 चा प्रवास आपल्याच मुलखातला. बाप खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. दहाएक वर्षांचा भीम भाऊ-भाच्यांबरोबर साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरतो. न्यायला कोणी नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, वर बैल पोरांनीच हाकायचे, गाडीवाला बाजूनं चालणार! टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. डबा भरलेला, पाण्याचा थेंब नाही, म्हणून पोरं उपाशी झोपली.

वाट काढायची कशी ते सांगणारी पुस्तकं तारे, वारा, झाडाचा कल शिकवतात. कुठल्या पाणवठ्यावर जात विचारतील, हे त्यांतलं कुठलं शिकवतं?

वाटेगावच्या अण्णाभाऊंचं 'माझा रशियाचा प्रवास' तर हवंच. लहानपणी बापासंगं मुंबईपर्यंत पायी गेलेला माणूस 1961 साली मॉस्को बघून आला. ह्याला प्रवासवर्णन म्हणायला कुणाची जीभ अडखळते?

मी वाचनालयात अर्ज टाकलाय, ही तिन्ही पुस्तकं त्या कपाटात ठेवा म्हणून. अजून उत्तर नाही. विटा, तासगाव, कराडच्या पोरांनी आपापल्या गावी असाच अर्ज टाकावा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आधी वही घेऊन त्याच्यापाशी बसा. माझा आजा गेला तेव्हा माझ्याकडं वही नव्हती.